शिराझ : एका द्राक्षाचे नाव आणि कूळ

गेल्या नाताळच्या सुटीत भालकीस आमच्या घरी एक जुने स्नेही उतरले होते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडील द्राक्षमळे पाहून ते परतत होते आणि येताना त्यांनी तांबड्या द्राक्षारसाची एक बाटली भेट म्हणून आणली होती. बाटलीवरील चिठ्ठीवर द्राक्षाच्या जातीचे नाव ठळक अक्षरांत छापलेले होते : शिराझ. ते नाव मला दाखवून स्नेही म्हणाले, "गुरुजी, ही काही परकी वस्तू नव्हे बरे! शिराझ म्हणजे इराण, आणि इराणचा आपल्या बीदरशी केवढा घरोबा! बहमनी सुलतानांनीच ही वेल इकडे आणली असली पाहिजे. मधल्या काळात आपण ती विसरलो, एवढेच." बोलणे गोड होते. शिवाय बीदरच्या गतवैभवाचा अभिमान आम्हां सीमाभागातील माणसांस जरा अधिकच. मी मान डोलावली.

पाहुणे झोपी गेल्यावर मात्र मनास टोचणी लागली. इतिहासाच्या तासाला मुलांकडून प्रत्येक विधानास आधार मागणारा मी शिक्षक. मग माझ्या त्या होकारास आधार कोणता होता? एक नाव कानास परिचयाचे वाटले, एवढाच. आजचे हे भाषण म्हणजे त्या मान डोलावण्याची भरपाई होय. शिराझ हे तांबड्या द्राक्षारसाच्या जगातील एक अभिजात द्राक्ष. त्याची नीट ओळख करून घ्यावयाची तर आधी त्याचे नाव आणि त्याचे कूळ ही दोन वेगळी करून पाहिली पाहिजेत. तेवढे आपण आज करू.

प्रथम माझ्या स्नेह्यांची बाजू मांडतो; कारण तीत तथ्य मुळीच नाही असे नव्हे. बीदरच्या मातीत इराण किती खोल मुरला आहे, हे तेथे दोन दिवस राहणाऱ्यासही कळते. नौबादच्या बाजूस जमिनीखालून पाणी वाहून आणणारे पंधराव्या शतकातील कारेझ आहे. डोंगराच्या पोटात उतरता बोगदा खणावयाचा, ठिकठिकाणी उजेडासाठी व उपशासाठी विहिरी पाडावयाच्या आणि पाणी आपल्या ओढीने गावाकडे आणावयाचे, ही विद्या इराणची. १४७२ साली ज्याने बीदरचा मदरसा उभा केला तो वजीर महमूद गावान इराणातील गिलान प्रांताचा. अष्टूरच्या वाटेवर खलीलुल्लाची अष्टकोनी चौखंडी उभी आहे. तिच्या दारावरील काळ्या पाषाणातील लफ्फेदार अक्षरे ज्या लेखनिकाने घडविली त्याचे नाव मुघीस, आणि तो होता शिराझचा. म्हणजे शिराझ हे नाव बीदरच्या दगडावर पाचशे वर्षांहून अधिक काळ कोरलेले आहे.

शब्दांचेही तसेच. अंगूर, प्याला, सुरई हे शब्द आपण फारसीच्या दारातून घेतले. ज्या 'दारू' या शब्दाने आपल्याकडील सज्जन माणूस दचकतो, त्याचा फारसीतील मूळ अर्थ औषध असा आहे. तेव्हा इराणातून माणसे आली, शब्द आले, अक्षरे आली आणि पाणी आणण्याची विद्याही आली. परंतु एवढे सगळे आले म्हणून वेलही आलीच असेल, असे म्हणणे म्हणजे वऱ्हाड आले म्हणून नवरदेवही आला असे धरून चालणे होय.

शिराझहून गुलबर्ग्यास निघालेला एक नवरदेव खरोखरच वाटेतून परत फिरला होता. तो म्हणजे कवी हाफीज. ही हकीकत इतिहासकार फिरिश्ता सांगतो. दुसरा महंमद शाह बहमनी हा १३७८ ते १३९७ या काळात गुलबर्ग्याच्या गादीवर होता. तो स्वतः विद्याव्यासंगी होता आणि त्याच्या दरबारी मीर फजलुल्ला इंजू या नावाचा मोठा विद्वान होता. त्याने हाफीजला आमंत्रण व प्रवासखर्चाची रक्कम धाडली. हाफीजने त्यातील काही आप्तांस दिली, काही देणेकऱ्यांस दिली आणि उरलेली वाटेत भेटलेल्या एका लुबाडल्या गेलेल्या मित्राच्या हाती ठेवली. पुढे दोघा व्यापाऱ्यांनी त्याचा भार उचलला व त्यास होर्मुझ बंदरात गलबतावर चढविले. गलबत अजून किनाऱ्यालगतच होते, इतक्यात वादळ सुटले. समुद्राचे ते रूप पाहून कवीचा धीर खचला. किनाऱ्यावर काही मित्रांचा निरोप घ्यावयाचा राहिला आहे, असा बहाणा करून तो उतरला तो पुन्हा गलबताकडे फिरकलाच नाही. स्वतःच्या ऐवजी त्याने एक गझल गुलबर्ग्यास पाठविली. सुलतानाने राग धरला नाही. उलट हजार टंकांच्या किमतीच्या वस्तू त्यास भेट धाडल्या. श्रोतेहो, शिराझची कविता गुलबर्ग्यास पोचली, पण कवी पोचला नाही. वेलीचेही असेच झाले नसेल कशावरून?

आता मद्याची गोष्ट. तीही फिरिश्ताच सांगतो; आणि हे लक्षात ठेवावयास हवे की, त्याने आपला ग्रंथ विजापुरी बसून सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर सुमारे दोनशे चाळीस वर्षांनी लिहिला. १३६६ च्या सुमारास पहिला महंमद शाह बहमनी गुलबर्ग्यात वसंतोत्सवाच्या मैफलीत बसला होता. दिल्लीहून तीनशे गवई आले होते. गाणे रंगले, प्याले फिरले आणि सुलतान खूष झाला. त्याने वजिरास आज्ञा केली की, या कलावंतांच्या बिदागीची वरात विजयनगरच्या राजाच्या खजिन्यावर काढावी! वजिरास वाटले की हा मद्याचा अंमल आहे, सकाळपर्यंत उतरेल. त्याने कागद लिहिला, पण धाडला नाही. दुसऱ्या दिवशी सुलतानाने विचारणा केली आणि वरात रवाना करावयास लावली. राजा बुक्करायाने त्या दूतास गाढवावर बसवून शहरभर फिरविले व सैन्य हलविले. त्यातून जे युद्ध पेटले त्यात मुदगलची शिबंदी कापली गेली आणि नंतर रायचूर दुआबाच्या दोन्ही अंगांस निरपराध रयतेचा मोठा संहार झाला. अखेर उभय पक्षांनी करार केला की, यापुढे युद्धात न लढणाऱ्यांस मारू नये. एका मैफलीच्या बिदागीचे हे मोल होते, आणि ते गवयांनी दिले नाही की सुलतानानेही दिले नाही.

या गोष्टीस एक उत्तरार्ध आहे आणि तो माझ्या स्नेह्यांस मी मुद्दाम ऐकविला. याच महंमद शाहाने राज्यातील संतपुरुषांकडून निष्ठेची शपथ मागितली, तेव्हा दौलताबादच्या शेख जैनुद्दीनांनी ती देण्यास नकार दिला. मद्य पिणाऱ्या राजापुढे आपण मान लववणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सुलतान रागावला, त्यांस गाव सोडण्याचा हुकूम झाला. शेख आपल्या गुरूच्या कबरीपाशी जाऊन बसले आणि मला येथून कोण उठवितो ते पाहू म्हणाले. शेवटी नमला तो सुलतान. राज्यभरातील मद्याची दुकाने त्याने बंद करविली, तेव्हाच शेखांचा रोष निवळला. हे जैनुद्दीन १३६९ साली वारले. त्यांची समाधी खुलताबादेस आहे आणि तिच्याच आवारात औरंगजेबाची साधी कबर आहे. आता गंमत पाहा. या शेखांचे पूर्ण नाव जैनुद्दीन दाऊद शिराझी. त्यांचा जन्म शिराझचा. म्हणजे शिराझहून दख्खनेत जो पुरुष निश्चितपणे आला, त्याने येथे द्राक्षारस आणला नाही; असलेला बंद पाडला!

या साऱ्या कथांत मद्य आहे, परंतु ते कशाचे होते, आणि द्राक्षांचे असल्यास कोणत्या जातीच्या, याविषयी फिरिश्ता अवाक्षर काढीत नाही. त्या काळी दख्खनेत द्राक्षे होती यात शंका नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दौलताबादेस राजधानी नेली. पुढे पंधरा-एक वर्षांनी तेथे आलेला प्रवासी इब्न बतूता तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात म्हणून नवल करतो. दौलताबाद व नाशिककडील जुन्या द्राक्षांची नावे आजही जुन्या बागाइतदारांच्या तोंडी ऐकू येतात : हबशी, साहेबी, भोकरी, फकडी. ही सगळी खाण्याची द्राक्षे. त्यांतील हबशी काळी खरी, पण तिचे नाव रंगावरून पडले. ती काही आफ्रिकेतून आली नाही. दुसऱ्या बाजूने १४६९ च्या सुमारास दख्खनेत आलेल्या अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याची साक्ष पाहावी. तो जुन्नरास राहिला, बीदरास राहिला. येथील मद्य नारळाचे व ताडाचे करतात, असे त्याने टिपून ठेवले आहे. याच निकितीनने बीदरचे उमराव अतिशय संपन्न आणि खेड्यांतील रयत अतिशय दीन असल्याचेही लिहून ठेवले. तेव्हा रयतेच्या मडक्यात ताडी होती. उमरावांच्या सुरईत कोठला रस होता, ते त्या सुरईलाच ठाऊक.

पुढे सतराव्या शतकात मात्र शिराझचा द्राक्षारस नक्की भारतात येऊ लागला. तो वेल म्हणून नव्हे, बाटल्यांत भरून, पेट्यांत रचून. शिराझ शहरी आर्मेनियन व यहुदी लोक तो तयार करीत आणि डच व इंग्रज कंपन्या तो बंदर अब्बासमार्गे सुरतेकडे व इतर वखारींस नेत. साहेबांच्या पंगतीत 'शिराझ' हा शब्द रुळला तो तेव्हा. परंतु त्या बाटलीतील द्राक्ष आणि आज बाटलीवर ज्याचे नाव छापतात ते द्राक्ष, ही दोन एक नव्हेत. तेथे नाव व कूळ यांची वाट फुटते. आजच्या शिराझचे मूळ पाहावयाचे तर आपणांस इराण सोडून फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी जावे लागते.

ऱ्होनच्या वरच्या अंगास तें नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या माथ्यावर तीव्र उताराची, दगडी बांध घातलेली एक टेकडी आहे. तिला हर्मिटाज, म्हणजे तपस्व्याची कुटी, असे नाव आहे. या टेकडीवर शतकानुशतके एक काळे द्राक्ष पिकते. फ्रेंच लोक त्यास सिरा म्हणतात. या कुटीची एक आख्यायिका आहे. तेराव्या शतकात गास्पार द स्तेरिंबर्ग हा योद्धा युद्धातील रक्तपातास विटून येथे येऊन राहिला व त्याने पूर्वेकडून आणलेली शिराझची वेल येथे लावली, अशी ती कथा. दुसरे कोणी सिरा हे नाव सिसिली बेटातील सिराक्यूज नगराशी जोडतात. नावात साम्य दिसले की गोष्ट रचावयाची, ही सवय माझ्या स्नेह्यांचीच नव्हे. ती फ्रान्सातही जुनीच आहे.

या आख्यायिकांचा निकाल १९९८ साली लागला. अमेरिकेतील डेव्हिस येथील विद्यापीठ आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधक यांनी मिळून द्राक्षांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य पडताळून पाहिले. माणसाचे मातापिता ज्या कसोटीने निश्चित करतात, त्याच कसोटीने त्यांनी सिराचे मातापिता शोधले. एक निघाले द्युरेझा, फ्रान्सच्या आर्देश भागातील काळे द्राक्ष. दुसरे माँद्यूझ ब्लांश, साव्होआ या डोंगरी मुलखातील पांढरे द्राक्ष. दोन्ही अगदी सामान्य, फारशी कोणास ठाऊक नसलेली. कोण्या एके काळी शेजारशेजारच्या वेलींचा फुलोरा एक झाला आणि एका बीजातून ही थोर जात उपजली. तिचे जन्मस्थान ऱ्होनच्याच परिसरातले. इराणचा तिच्या रक्ताशी काडीचाही संबंध नाही.

मग शिराझ हे नाव आले कोठून? १८३१ साली जेम्स बस्बी या गृहस्थाने फ्रान्स व स्पेनमधील मळे हिंडून शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या आणि १८३२ साली त्या ऑस्ट्रेलियात सिडनी येथे पोचत्या केल्या. त्यांत हर्मिटाज टेकडीवरील काड्याही होत्या. हे नाव त्या काळी निरनिराळ्या प्रकारे लिहीत. ऑस्ट्रेलियात ते बोलता-बोलता 'शिराझ' होऊन स्थिरावले. तेथील बारोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेल्या या जातीच्या वेली आजही फळ देत आहेत. पुढे ऑस्ट्रेलियाचा माल जगभर गेला आणि त्याबरोबर हे नावही गेले. आज सिरा आणि शिराझ ही एकाच द्राक्षाची दोन नावे आहेत. उलट 'पेतीत सिरा', म्हणजे धाकटी सिरा, या नावाचे द्राक्ष ही सिरा मुळीच नव्हे, तिचे दुसऱ्या जातीपासून झालेले अपत्य आहे. आणि खुद्द शिराझ शहरात १९७९ च्या क्रांतीनंतर मद्य गाळण्यास बंदी आहे. ज्या शहराचे नाव अर्ध्या जगाच्या बाटल्यांवर आहे, त्या शहरात ती बाटली उघडता येत नाही.

दख्खनेत ही वेल आली ती आपल्या डोळ्यांदेखत, विसाव्या शतकाच्या अखेरीस. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव, बंगळूरजवळील नंदी टेकड्या, मग नाशिक, आणि त्यानंतर अकलूज. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले, कर्नाटकाने त्यानंतर काही वर्षांनी आपले आखले. अकलूजजवळून वाहणाऱ्या नीरेचे पाणी भीमेस मिळते आणि तीच भीमा पुढे आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात अफजलपूरच्या बाजूस उतरते. म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या बाटलीचा आमच्याशी संबंध आहेच, पण तो सुलतानांच्या द्वारे नव्हे, पाण्याच्या द्वारे.

या वेलीचा येथील संसार मोठा पाहण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये हिवाळा आला की वेल पाने गाळून झोपते. दख्खनेत थंडी तेवढी कडक नसल्याने तिला झोपच लागत नाही. म्हणून आपला बागाइतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिने नव्या काड्या तयार होतात. आणि पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, फळछाटणी, तिने घड येतात. पीक एकच घ्यावयाचे, तेही थंडीच्या अखेरीस, रात्री गार आणि दिवस उन्हाचे असताना. फ्रान्सचा मळेकरी घड तोडतो सप्टेंबरात; आपला तोडतो जानेवारी ते मार्चमध्ये. इब्न बतूतास ज्याचे नवल वाटले त्या दुहेरी बहराचे गुपित हेच की, येथे वेल कधी निजत नाही. शिवाय आपल्या चुनखडीच्या व खारट पाण्याच्या जमिनीत टिकावे म्हणून शिराझचा डोळा बहुधा डॉगरिज नावाच्या अमेरिकन खुंटावर बांधतात. पाहा तर खरे : खुंट अमेरिकेचा, वेल फ्रान्सची, नाव इराणचे, आणि माती-पाणी दख्खनचे!

आता ही जात ओळखावी कशी? तिचा घड मध्यम व लांबट, मणी लहान, किंचित अंडाकृती आणि निळसर काळे, वर पांढुरक्या लवीची झाक. खाण्याच्या द्राक्षाप्रमाणे ती टपोरी नसते व बीही असते. म्हणून पानात वाढावयास ती निकामी. मणी चिरडला तर आतला रस जवळजवळ रंगहीन निघतो, हे पाहून प्रथम प्रत्येकास आश्चर्य वाटते. सारा रंग सालीत असतो. म्हणून तांबड्या द्राक्षारसासाठी रस सालीसकट आंबवितात. साल जितकी भिजेल तितका रंग व तुरटपणा उतरतो. त्या रसाचा रंग पिकल्या जांभळासारखा गडद. चवीत जांभूळ, करवंद यांची आठवण. जिभेच्या कडांस जांभूळ खाल्ल्यावर जी ओढ बसते तशीच ओढ. आणि या सर्वांच्या मागून येणारा एक वास, जो या जातीची खरी खूण आहे : काळ्या मिऱ्याचा.

हा वास कवींची कल्पना नव्हे. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी रोटुंडोन हे द्रव्य शिराझच्या सालीत असल्याचे दाखवून दिले. तेच द्रव्य काळ्या मिऱ्यास त्याचा वास देते. थंड मुलखातील शिराझमध्ये ते अधिक, उष्ण मुलखात कमी. पाचांतील सुमारे एका माणसास हा वास मुळीच येत नाही, असेही त्यांना आढळले. तेव्हा कोणास मिरे न जाणवले तर त्याने खट्टू होऊ नये. मला मात्र यात एक न्याय दिसतो. ज्या मिऱ्यासाठी युरोपची गलबते आमच्या किनाऱ्यास लागली, त्या मिऱ्याचा गंध ऱ्होनच्या टेकडीवरील त्या द्राक्षात आपला आपण होता. बीदर शिराझमध्ये शोधावयाचे तर ते नावात नव्हे, या वासात शोधावे.

ज्यांस चव घ्यावयाची असेल व कायद्याची मुभा असेल, त्यांनी थोडके नियम पाळावे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा घरात कपाटावर ठेवलेली बाटली शिजून निघते. ती अंधाऱ्या, गार जागी आडवी ठेवावी आणि पेल्यात ओतताना सोळा ते अठरा अंशांइतकी थंड असावी. आधी रंग पाहावा, मग वास घ्यावा, आणि मग घोट, तोही लहान. फार तिखट कालवणाबरोबर घेऊ नये, कारण मद्याने तिखटाची आग वाढते. भाजलेले मांस, मिऱ्याचा रस्सा, वांग्याचे भरीत व ज्वारीची भाकरी यांच्याशी या जातीचे चांगले जमते. आमच्या ख्रिस्ती घरांत द्राक्षारस वेदीवरील पवित्र वस्तू आहे, म्हणून त्याचे भय नाही. पण म्हणूनच त्याचा अतिरेक अधिक लाजिरवाणा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही. ज्यास घ्यावयाचे नाही त्याचे काही अडत नाही. वेल, घड, रंग, वास आणि इतिहास एवढ्यांचा आनंद घोटावाचूनही घेता येतो.

ओळखल्यावाचून घेतलेला घोट काय करतो, याचा धडा बीदरनेच जगास दिला आहे. महमूद गावान हा बहमनी राज्याचा सर्वांत थोर वजीर. स्वतः चटईवर निजे व मातीच्या भांड्यांत शिजवून खाई, असे फिरिश्ता म्हणतो. त्याच्या शत्रूंनी त्याच्या मोहरेवरील हबशी गुलामाशी गट्टी जमविली. एके दिवशी तो प्यालेला असताना त्याच्यापुढे घडी घातलेला कोरा कागद धरला आणि एवढ्यावर मोहर उठव म्हणून सांगितले. त्याने काय आहे ते पाहिले नाही; मोहर उठविली. मग त्या कोऱ्या जागेवर ओरिसाच्या राजास फितुरीचे निमंत्रण लिहिले गेले. ते सुलतान तिसऱ्या महंमद शाहापुढे ठेवले तेव्हा सुलतानही मद्याच्या अमलाखाली होता. त्यानेही वाचून पडताळून पाहिले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी त्या वृद्ध वजिराचे मस्तक धडावेगळे झाले. वर्षभरातच पश्चात्तापाने व अतिपानाने सुलतान मेला, आणि त्यानंतर बहमनी राज्याचे पाच तुकडे व्हावयास फार काळ लागला नाही.

श्रोतेहो, कोऱ्या कागदावर मोहर उठविण्यास दर वेळी मद्यच लागते असे नाही. अभिमानाचीही धुंदी असते. शिराझ हे नाव ऐकून मी मान डोलावली, तीही कोऱ्या कागदावरील मोहरच होती. नावाखाली कोणी काय लिहील याचा नेम नसतो. आम्हां सीमाभागातील लोकांस याचा अनुभव थोडा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे होऊन ते तीन राज्यांत गेले. तेव्हापासून नावावरून, लिपीवरून आणि बोलीवरून एकमेकांचे कूळ ठरविण्याची घाई आमच्यात वाढली आहे. शाळेत दर वर्षी एखादा नवा विद्यार्थी मला विचारतोच, "गुरुजी, तुमचे नाव परदेशी, मग तुम्ही मराठी कसे?" घरात आम्ही मराठी बोलतो, बाजारात कानडी, आणि शाळेच्या फाटकाबाहेर चहावाल्याशी दखनी. मी त्या मुलास अष्टूरला घेऊन जातो. तेथे अहमदशाह बहमनीच्या कबरीवर कोणी त्यास वली म्हणून फूल वाहतो, कोणी अल्लमप्रभू म्हणून नारळ फोडतो, आणि उरुसास कलबुर्गी जिल्ह्यातील माडियाळचे जंगम मानाने येतात. मुलगा पाहतो आणि पुन्हा तो प्रश्न विचारीत नाही.

परवा त्या स्नेह्यांस मी पत्र लिहिले. त्यात एवढेच कळविले की, शिराझ बहमनींनी आणली नाही, ती इराणचीही नव्हे, तिचे आईबाप फ्रान्सच्या डोंगरातले दोन साधे वेल. पण आता ती भीमेचे पाणी पिते, आपल्या उन्हात पिकते आणि आपल्या माणसांच्या हातून तिची छाटणी होते. तेव्हा ती आपली म्हणावयास हरकत नाही. फक्त ती आपली का, याचे कारण खरे सांगावे. बाटलीत अजून निम्मा रस शिल्लक होता, तोही ईस्टरच्या जेवणात स्वयंपाकघरातच संपला, कालवणात. चिठ्ठी मात्र मी काढून ठेवली आहे. इतिहासाच्या पहिल्या तासाला ती फळ्यावर लावीन म्हणतो.